एक आत, एक बाहेर : पेशीची आम्लता आणि आकारमान सांभाळणारे प्रथिन

पेशीच्या पटलात बसलेले एक प्रथिन बाहेरून सोडिअमचा एक आयन आत घेते आणि त्याच्या बदल्यात आतला हायड्रोजनचा एक आयन बाहेर सोडते. दोन्ही आयनांवर एकेकच धन विद्युतभार असतो, त्यामुळे या देवघेवीत विद्युतभाराचा हिशेब जिथल्या तिथे राहतो. पेशीतील कणांची संख्याही वरवर पाहता बदलत नाही, कारण जितके आत आले तितकेच बाहेर गेले. तरीही हे प्रथिन कामाला लागले की पेशीची आम्लता तर घटतेच, शिवाय पेशी फुगू शकते. आम्लता का घटते हे लगेच ध्यानात येते. पेशी का फुगते हे मात्र सहजी उलगडत नाही, आणि माझ्या मते या प्रथिनाचे सगळे मर्म त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. त्याचे उत्तर नीट समजले की हृदयविकाराच्या झटक्यात हेच प्रथिन घातक का ठरते, हेही समजते.

या प्रथिनाचे पूर्ण नाव सोडिअम-हायड्रोजन एक्स्चेंजर १. संशोधकांच्या बोलण्यात ते एनएचई-१ म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या जनुकाला एसएलसी९ए१ म्हणतात. माणसात या कुळातील अनेक भावंडे आहेत. त्यांतील एनएचई-३ हे मुख्यतः मूत्रपिंडात आणि आतड्यात सोडिअम शोषून घेण्याचे काम करते, तर काही जण पेशीच्या आतील पिशव्यांच्या पटलांत राहतात. एनएचई-१ मात्र शरीरातील जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या बाह्य पटलात आढळते, आणि म्हणूनच त्याच्याकडे पेशीच्या रोजच्या देखभालीचे काम आले आहे.

आधी आम्लतेचा प्रश्न घेऊ. द्रवातील मोकळ्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण आपण सामूने मोजतो. सामू जितका कमी तितकी आम्लता जास्त, आणि या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक असतो. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, तर पेशीद्रवाचा साधारणपणे ७.२. आयनांच्या भाषेत सांगायचे तर बाहेर एका लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोल आणि आत सुमारे ६३ नॅनोमोल मोकळे हायड्रोजन आयन असतात. हा फरक किरकोळ वाटतो, पण तो आपोआप टिकलेला नसतो. पेशीपटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते. हा फरक ६० मिलिव्होल्टचा धरला आणि धनभारित हायड्रोजन आयनांना त्या ओढीने आत शिरून स्थिरावू दिले, तर पेशीद्रवाचा सामू ६.४ पर्यंत उतरेल. त्यात पेशीचे स्वतःचे चयापचय सतत आम्ल तयार करत असते. सामू काही दशांशांनी घसरला तरी ग्लुकोजच्या विघटनाची गती ठरवणाऱ्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमची क्रिया मोठ्या प्रमाणात मंदावते. म्हणजे पेशीला आम्ल बाहेर काढण्याचे काम क्षणभरही थांबवून चालत नाही.

हे काम फुकट होत नाही, पण एनएचई-१ स्वतः एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करत नाही. ते दुसऱ्याने केलेल्या खर्चावर चालते. येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली ज्याचा शोध लावला आणि ज्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो सोडिअम-पोटॅशिअम पंप एटीपी वापरून पेशीतले सोडिअम अखंड बाहेर फेकत असतो. त्यामुळे बाहेर लिटरमागे सुमारे १४५ मिलिमोल सोडिअम असताना आत जेमतेम १२ मिलिमोल उरते. सोडिअमला आत येण्याची जी ओढ असते, तिचाच उपयोग करून एनएचई-१ हायड्रोजन आयनाला बाहेर ढकलते. अशी सोडिअम-हायड्रोजन अदलाबदल खरोखरच होते, हे हाइनी मुरर, उलरिख हॉपफर आणि रोल्फ किने यांनी १९७६ साली उंदरांच्या आतड्यातील आणि मूत्रपिंडातील पेशीपटलांच्या सूक्ष्म पिशव्या वेगळ्या काढून दाखवून दिले.

येथे थोडे गणित करण्यासारखे आहे. बाहेरचे सोडिअम आतल्यापेक्षा सुमारे बारापट आहे. अदलाबदल एकास एक असेल, तर ती थांबण्यापूर्वी आतले हायड्रोजन आयन बाहेरच्या बाराव्या हिश्शापर्यंत खाली आणता येतील. म्हणजे पेशीद्रवाचा सामू बाहेरच्या ७.४ वरून एका अंकाहून थोडा अधिक वर, जवळपास ८.५ पर्यंत चढवता येईल. इतकी ऊर्जा हाताशी असूनही एनएचई-१ तसे करत नाही. सामू ७.२ च्या जवळ आला की त्याचा वेग झपाट्याने पडतो आणि थोडे वर गेले की ते जवळजवळ गप्प बसते. ऊर्जा संपली म्हणून नव्हे, तर नियंत्रण आहे म्हणून ते थांबते. पीटर अ‍ॅरनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मूत्रपिंडातील पटलांवर काम करताना असे दाखवले की, आतले हायड्रोजन आयन केवळ वाहून नेण्याचा माल नसतात. ते प्रथिनाच्या आतल्या बाजूला एका वेगळ्या जागी चिकटून त्याला जागेही करतात. एनएचई-१ मध्येही हाच गुण आहे. आम्लता वाढली की प्रथिन जागे होते, घटली की झोपी जाते. ज्या सामूला ते गप्प होते त्याला त्याचा नेमबिंदू म्हणता येईल, आणि पुढच्या साऱ्या कथेत हा नेमबिंदू वरखाली कसा सरकतो हेच महत्त्वाचे ठरते.

हे प्रत्यक्ष पाहता येते. बीसीईसीएफ नावाचा एक रंग पेशींत भरतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेला हा रंग निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो, आणि पेशीद्रव आम्लयुक्त झाले की त्याची चमक मंदावते. सूक्ष्मदर्शकाखालच्या अशा पेशींवरून आधी काही मिनिटे अमोनिअम क्लोराइडचे द्रावण सोडतात. त्यातला अमोनिया वायुरूपात पटल ओलांडून आत जातो, हायड्रोजन आयन धरतो आणि पेशी किंचित अल्कधर्मी होते, चमक वाढते. मग ते द्रावण एकदम धुऊन काढतात. आत बसलेला अमोनिया पुन्हा वायुरूपाने निसटतो, पण धरलेले हायड्रोजन आयन आतच टाकून जातो, आणि दरम्यान अमोनिअमच्या रूपात शिरलेल्या भरीमुळे पेशी सुरुवातीपेक्षाही अधिक आम्लयुक्त होते. पडद्यावरची हिरवी चमक खाली कोसळते. या क्षणी बाहेरच्या द्रावात सोडिअम नसेल, तर ती चमक खालीच राहते. मिनिटामागून मिनिटे जातात, काही होत नाही. मग सोडिअम असलेले द्रावण सोडावे, आणि आलेखाची रेषा लगेच वर वळते, आधी भराभर, मग नेमबिंदू जवळ येईल तशी हळूहळू, आणि जुन्या पातळीला टेकली की सपाट होते. एनएचई-१ ला अडवणारे अमिलोराइडच्या जातीचे औषध आधीच घातलेले असेल तर सोडिअम मिळूनही रेषा चढत नाही. बायकार्बोनेटवर चालणारी इतर वाहक प्रथिने मध्ये येऊ नयेत म्हणून हा प्रयोग बायकार्बोनेटविरहित द्रावात करतात. एका प्रथिनाचे काम इतके स्वच्छ दाखवणारे प्रयोग फार थोडे असतील.

आता आकारमानाकडे वळू आणि सुरुवातीचे कोडे सोडवू. एक पिकोलिटर, म्हणजे सुमारे बारा मायक्रोमीटर व्यासाची पेशी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात सोडिअमचे सुमारे ७०० कोटी आयन असतात, आणि मोकळे हायड्रोजन आयन असतात फक्त ३८ हजारांच्या आसपास. एनएचई-१ ने जर केवळ मोकळेच हायड्रोजन आयन बाहेर काढले असते, तर ३८ हजार अदलाबदलींतच साठा संपला असता. प्रत्यक्षात पेशीतले बहुतेक सारे हायड्रोजन आयन प्रथिनांना आणि फॉस्फेटला चिकटलेले असतात. हेच पेशीचे बफर. एक मोकळा हायड्रोजन आयन बाहेर गेला की बफर आपल्याजवळचा दुसरा सोडून ती जागा भरतो. हे सोडणारे प्रथिन मात्र आधीही एकच कण होते आणि नंतरही एकच कण राहते. पेशीत पाणी किती शिरेल हे विरघळलेल्या कणांच्या एकूण संख्येवर अवलंबून असते, त्यांच्या वजनावर किंवा आकारावर नाही. म्हणजे हायड्रोजन आयन गेल्याने कणांची संख्या जवळजवळ घटत नाही, पण आत आलेला प्रत्येक सोडिअम आयन हा नवा, मोकळा कण असतो. रासायनिक हिशेबात एकास एक असलेला हा व्यवहार परासरणाच्या हिशेबात निव्वळ जमा ठरतो, आणि जमा झालेल्या कणांमागून पाणी येते.

ही जमा किती मोठी असते? पेशीच्या बफरांची क्षमता एका सामू-अंकामागे लिटरला २५ मिलिमोल धरली, तर सामू ०.३ ने वर आणताना लिटरमागे साडेसात मिलिमोल सोडिअम आत येईल. पेशीतील एकूण विरघळलेले कण लिटरमागे ३०० मिलिमोलच्या घरात असतात, म्हणजे वाढ अडीच टक्क्यांची. ती थोडीच आहे, आणि सामू वर गेला की एनएचई-१ स्वतःच थांबत असल्याने तिथेच अडकते. आकारमान खरोखर वाढवायचे असेल, तर कुणीतरी सामू वर चढू देता कामा नये.

ते काम शेजारचे एक प्रथिन करते. ते आतले बायकार्बोनेट बाहेर सोडून त्याच्या बदल्यात क्लोराइड आत घेते. बायकार्बोनेट हा अल्क असल्याने तो बाहेर गेला की पेशी पुन्हा आम्लयुक्त होते, आणि एनएचई-१ चे काम चालू राहते. एकाने सोडिअम आणले, दुसऱ्याने क्लोराइड. बाहेर पडलेले हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट एकमेकांशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनतात, आणि तो कार्बन डायऑक्साइड पटल ओलांडून पुन्हा आत येऊन त्याच दोन आयनांत फुटतो. या फेऱ्यात सामू जवळजवळ हलत नाही, पण पेशीत मीठ साठत जाते आणि मिठामागून पाणी. आत आलेले सोडिअम पुढे पंपामार्फत बाहेर जाते आणि त्याची जागा बरीचशी पोटॅशिअम घेते. मिळवलेले आकारमान मात्र टिकते.

पेशीला ही सोय कधी लागते? बाहेरचा द्राव तीव्र झाला आणि पेशीतले पाणी बाहेर खेचले गेले, तेव्हा. आकसलेल्या पेशीत एनएचई-१ चा नेमबिंदू वर सरकतो, म्हणजे एरवी ज्या सामूला ते झोपले असते त्या सामूलाही ते काम करू लागते, आणि पेशी काही मिनिटांत बरेचसे आकारमान परत मिळवते. आम्फियूमा नावाच्या उभयचर प्राण्याच्या मोठ्या तांबड्या पेशींत पीटर काला यांनी १९८० साली याचे स्पष्ट दर्शन घडवले. (पेशी उलट फुगली तर एनएचई-१ चा उपयोग नसतो, तेव्हा पोटॅशिअम आणि क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या मार्गिका उघडतात.) ट्राउट माशाच्या तांबड्या पेशींत याच कुळातील एका प्रथिनाला अ‍ॅड्रेनलिन जागे करते: पाण्यात प्राणवायू कमी पडून मासा घाबराघुबरा होतो, तांबड्या पेशी हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, त्यांच्या आतला सामू वाढतो, हिमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची ताकद सुधारते, आणि त्याच वेळी पेशी फुगतात. आम्लता आणि आकारमान ही दोन कामे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

रक्तातील बिंबाणूंवर केली जाणारी एक साधी चाचणीही हेच दाखवते. बिंबाणू सोडिअम प्रोपिओनेटच्या द्रावणात टाकतात. प्रोपिओनिक आम्ल पटलातून आत शिरते, हायड्रोजन आयन सोडते, पेशी आम्लयुक्त होते. एनएचई-१ जागे होऊन ते आयन बाहेर काढते आणि सोडिअम आत घेते. आत सोडिअम प्रोपिओनेट साठते, पाणी येते, बिंबाणू फुगतात. फुगलेले बिंबाणू प्रकाश कमी विखुरतात, म्हणून गढूळ द्रावण डोळ्यांदेखत निवळू लागते, आणि निवळण्याचा वेग हाच एनएचई-१ चा वेग समजतात.

या प्रथिनाचे जनुक हाती कसे लागले, याची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समधील नीस येथे जाक पुइसेग्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हे प्रथिनच नसलेल्या पेशी मिळवल्या. त्यासाठी त्यांनी परिस्थिती अशी उलटी केली की, चालू स्थितीतले एक्स्चेंजर हायड्रोजन आयन आत ओढून पेशीला मारून टाकेल. म्हणजे ज्या पेशीत ते बिघडलेले आहे तीच जगेल. अशा पेशी तटस्थ आणि आम्लयुक्त द्रावात वाढू शकत नाहीत, हे १९८४ साली दिसून आले. मग एक्स्चेंजर नसलेल्या पेशींत माणसाचा डीएनए घालून त्यांना जाणूनबुजून आम्लाचा मारा दिला. आता जगल्या त्या ज्यांना माणसाचे जनुक मिळाले होते त्या. या वाटेने १९८९ साली क्लोद सार्दे, आर्लेट फ्रांकी आणि पुइसेग्यूर यांनी त्या जनुकाची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. पेशीला मरण आणि जीवन या दोन्ही टोकांनी प्रश्न विचारण्याची ही पद्धत आजही अचंबित करते.

जनुकावरून कळले की माणसाचे एनएचई-१ हे ८१५ अमिनो आम्लांची साखळी आहे. पहिली सुमारे ५०० पटलातून वारंवार आरपार जातात आणि प्रत्यक्ष वाहतूक करतात. उरलेली सुमारे ३१५ पेशीच्या आत शेपटीसारखी लोंबतात. २०२१ साली शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या चित्रांत अशी दोन प्रथिने जोडीने बसलेली दिसतात आणि प्रत्येकाच्या शेपटीला सीएचपी-१ नावाचे सोबतीचे प्रथिन चिकटलेले असते. नेमबिंदू सरकवण्याचे बहुतेक सगळे काम या शेपटीतून होते. वाढीचे संकेत देणारी प्रथिने तिच्यावर फॉस्फेट चढवतात, कॅल्शिअम वाढले की कॅल्मोड्युलिन तिला बिलगते, आणि पेशीच्या सांगाड्यातील अ‍ॅक्टिन तंतू एझ्रिनच्या कुळातील प्रथिनांमार्फत तिला बांधलेले असतात.

आता हृदयाकडे येऊ, कारण या विषयाची सर्वांत मोठी आशा आणि सर्वांत मोठी निराशा दोन्ही तिथेच आहेत. हृदयाची धमनी बंद पडली की त्या भागातील पेशी प्राणवायूवाचून ग्लुकोज जाळू लागतात आणि आम्ल साठते. बाहेरचा द्रवही वाहत नसल्याने आम्लयुक्त होतो, त्यामुळे एनएचई-१ ला काही काळ अटकाव होतो. मग धमनी उघडते, ताजे रक्त येऊन बाहेरचे आम्ल धुऊन नेते, पण आत आम्ल तसेच असते. एनएचई-१ पूर्ण वेगाने सुटते आणि सोडिअम भराभर आत येते. उपाशी पेशीचा पंप ते बाहेर काढू शकत नाही. हृदयपेशीत तीन सोडिअम आणि एक कॅल्शिअम यांची अदलाबदल करणारे आणखी एक प्रथिन असते, जे एरवी कॅल्शिअम बाहेर टाकते. सोडिअम तुंबले की ते उलटे चालू लागते आणि कॅल्शिअम आत आणते. कॅल्शिअमच्या या पुराने स्नायू आखडतो, ठोके बिघडतात आणि रक्त परत येऊनही पेशी मरते. आम्ल काढण्याचे काम प्रथिनाने चोख केले. त्याची किंमत सोडिअममध्ये मोजावी लागली.

तर मग झटक्याच्या वेळी एनएचई-१ अडवावे, हा विचार ओघानेच आला, आणि प्राण्यांच्या हृदयांवर त्याने उत्तम संरक्षण मिळाले. कॅरिपोराइड हे औषध त्यासाठी तयार झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत सर्व रुग्ण मिळून पाहता फायदा दिसला नाही, पण बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांत आशा दिसली. म्हणून फक्त अशा ५,७६१ रुग्णांवर पुढची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली आले. हृदयस्नायूला इजा होण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १४.४ टक्क्यांवर उतरले, म्हणजे मूळ कल्पना माणसातही खरी ठरली. परंतु पाचव्या दिवसापर्यंतचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर गेले, आणि त्यामागे मेंदूतील रक्तपुरवठ्याचे झटके वाढल्याचे दिसले. औषधाचा विकास थांबला. कल्पना खोटी ठरून चाचणी फसणे एक वेळ पचवता येते. येथे कल्पना खरी ठरली आणि तरीही रुग्णाचे भले झाले नाही, हे मनाला अधिक लागते.

मेंदूला या प्रथिनाची गरज असते हे एका वेगळ्या वाटेनेही कळले होते. १९९७ साली उंदरांच्या एका वाणात एनएचई-१ चे जनुक निकामी असल्याचे आढळले. त्या उंदरांचा तोल जात असे, त्यांना फेफऱ्याचे झटके येत, आणि त्यांतील बरेच लहानपणीच मरत. माणसांत २०१५ साली याच जनुकातील दोषाचा संबंध लिक्टेनस्टाइन-क्नोर सिंड्रोमशी जोडला गेला, ज्यात अनुमस्तिष्काच्या बिघाडाने तोल जातो आणि श्रवणशक्ती जाते.

कर्करोगाच्या पेशींत चित्र वेगळेच असते. निरोगी ऊतींत पेशीच्या आत बाहेरपेक्षा आम्लता थोडी जास्त असते. अनेक गाठींत ही मांडणी उलटते, आतला सामू ७.४ च्याही वर जातो आणि बाहेरचा ७ च्या खाली उतरतो. सरपटत पुढे जाणाऱ्या पेशीत एनएचई-१ प्रथिने पुढच्या टोकाला गोळा झालेली दिसतात. बाहेर सोडलेले आम्ल भोवतालची वीण पोखरणाऱ्या एन्झाइमांना मदत करते, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आकारमानाची आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी गाठीच्या पेशींना जेमतेम अंग मावेल अशा अरुंद नळ्यांतून जायला लावले आणि अ‍ॅक्टिन तंतूंची जुळणी औषधाने बंद पाडली. एरवी पेशी याच तंतूंच्या जोरावर सरकतात, म्हणून त्यांनी थांबायला हवे होते, पण त्या चालत राहिल्या. २०१४ साली त्यांनी मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार, पुढच्या टोकाला जमलेली एनएचई-१ प्रथिने तिथे सोडिअम आत घेतात, त्यामागून पाणी शिरते आणि पुढचे पटल पुढे सरकते, तर मागच्या टोकाकडून आयन आणि पाणी बाहेर पडते आणि मागची बाजू आकसून पुढे येते. एनएचई-१ अडवले, किंवा पाणी वाहून नेणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-५ या मार्गिकांची संख्या घटवली, की त्या पेशींचा वेग मंदावत होता.